नंबर तोच राहणार

नंबर तोच राहणार, हे मला तीन माणसांनी सांगितलं. ठेकेदारानं सांगितलं, तार ओढायला आलेल्या माणसानं सांगितलं आणि माझ्या नवऱ्यानं सांगितलं. तिघं खोटं बोलले असं म्हणायची सोय नाही, कारण नंबर खरंच तोच राहिला. माझा जळफळाट त्यामुळंच जास्त होतो. धडधडीत खोटं बोलणाऱ्याची गचांडी धरता येते. अर्धं खरं सांगणाऱ्याचं काय धरायचं?

सेलूत आमच्या घरी फोन फार जुना. माझे सासरे टेलिफोनच्या खात्यात लाईनमन होते, त्यामुळं आमच्या गल्लीत पहिली घंटी आमच्याच घरात वाजली म्हणतात. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, मीही लग्न झाल्यापासून मामाच म्हणते. सेलूपासून देवगाव फाट्यापर्यंतच्या खांबांवर ते चढलेले. कमरेला पट्टा, खिशात पक्कड, खांद्यावर तारेचं भेंडोळं, अशी पस्तीस वर्षं काढली त्यांनी. त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, लाईटीचा भरवसा न्हाई, टेलिफोनचा हाय. गावाची लाईट दोन-दोन दिवस गेली तरी फोन चालूच राहायचा, कारण फोनला लागणारा करंट त्याच्या तारेतूनच यायचा, तिकडं एक्सचेंजात मोठाल्या बॅटऱ्या असायच्या. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावून सांगितलं होतं की मी भाजी निवडता निवडता नुसतं हूं हूं करायचे.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग जेवलो का नाही, मग शेजारच्यांची नावं. माझं नाव गेलं त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले, पण चेहरा त्यांना कळत होता, मला ते बाई म्हणायचे आणि ते मला चालत होतं. परभणीच्या डॉक्टरांकडं दर दोन महिन्यांनी न्यायचो. डॉक्टर त्यांना वार विचारायचे, महिना विचारायचे, मुलाचं नाव विचारायचे. मामा छताकडं बघत बसायचे. शेवटी डॉक्टर विचारायचे, बाबा, घरचा फोन नंबर काय? की मामा ताठ व्हायचे आणि कोडसकट सगळा नंबर धाडधाड म्हणून दाखवायचे, एक आकडा इकडचा तिकडं नाही. डॉक्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, हा नंबर जपा ताई. हा त्यांना येतो तोवर ते कुठंही गेले तरी घरी परत येतील.

तेव्हापासून तो नंबर म्हणजे माझ्यासाठी मामांच्या कमरेला बांधलेली दोरी झाली. बाकी उपाय मी करून बघितले नव्हते असं नाही. मोबाईल दिला, तो त्यांनी मारुतीच्या पाराला ठेवून दिला. खिशावर माझा मोबाईल नंबर लिहून चिठ्ठी शिवली, तर दुपारी ती उसवून माझ्या हातात आणून दिली. म्हणाले, मी काय पार्सल हाय का? दहा आकडी नंबर पाठ करून घ्यायला बसले तर चौथ्या आकड्याला ते आपल्या जुन्या नंबरवर वळायचे. मी नाद सोडला. एक नंबर येतो ना, मग तो चालू ठेवायचा, एवढंच आपलं काम.

आणि तोच आमच्या ह्यांनी मला न विचारता सही करून देऊन टाकला.

झालं असं, की तांब्याच्या तारेची लाईन आता बंद होणार, सगळ्यांनी फायबर घ्यायचं, असा कागद घेऊन ठेकेदाराचा माणूस आला. मी शाळेत. ह्यांना घरून कॉलेजचं काम करायचं असतं, मोबाईलचं नेट रडत रडत चालतं, त्यात फायबर म्हटल्यावर ह्यांना कोण आनंद. सही ठोकली. संध्याकाळी मी चहा टाकत होते तेव्हा सांगितलं, अगदी सहज, गॅसचा नंबर लावलाय असं सांगावं तसं. मी म्हटलं, अहो, मामांच्या नंबराचं काय? तर म्हणाले, नंबर तोच राहणार. मी म्हटलं, मला विचारायचं तरी. त्यावर हे गप्प. ह्यांचं गप्प बसणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. माणूस भला आहे, पण गोगलगाय आणि पोटात पाय.

तार ओढायला माणूस आला त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. त्यानं खिडकीच्या कोपऱ्यात भोक पाडलं, बारीक काळी वायर आत घेतली, तिच्या टोकातनं केसासारखी काच काढली, यंत्रात घालून जोडली आणि भिंतीवर दिव्यांचा एक डबा बसवला, त्याला मोडेम म्हणतात म्हणे. मामा पक्कड हातात घेऊन बाजूला उभे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण जोड द्यायचं काम चाललंय आणि आपण बसून राहायचं हे त्यांच्यानं होईना. त्यांनी विचारलं, जोड कुठं दिला? करंट कुठून यायलाय? तो माणूस हसून म्हणाला, काका, काचेतून करंट येत न्हाई, उजेड येतो. मामाही हसले. म्हणाले, आरं, उजेडावर घंटी वाजती का कुठं? आम्ही सगळेच हसलो. मीही हसले, हे मला आता आठवतं आणि कानशील गरम होतं. सगळं त्या वेळीच आमच्यासमोर बोललं गेलं होतं. मामांनी नेमका प्रश्न विचारला होता आणि आम्ही तो म्हाताऱ्याची गंमत म्हणून सोडून दिला.

जाताना त्यानं जुनी तांब्याची तार खांबापासून तोडली आणि गुंडाळून घेऊन गेला. मामा दारात उभे राहून ती गल्लीच्या टोकापर्यंत जाताना बघत होते.

नेट त्याच दिवशी चालू झालं. हे खूश. फोन मात्र मुका. ठेकेदार म्हणाला, दोन दिवसांत होईल. दोनाचे चार झाले, चाराचे दहा झाले. कधी म्हणे वरून नंबर चढवला नाही, कधी म्हणे साहेब परभणीला गेलेत. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. तेवढे दिवस शेजारच्या वहिनींना मामांवर लक्ष ठेवायला सांगून मी शाळेत जायचे आणि वर्गात उभं राहून माझं चित्त घरी. मी ठेकेदाराला फोनवर म्हटलं, तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसलीत. तो म्हणाला, मॅडम, नंबर तोच राहणार, काळजी करू नका.

शेवटी मीच पदर खोचला. तक्रारीच्या नंबरवर तासभर ते गाणं ऐकत बसले, तेव्हा कुठं एक पोरगी बोलायला मिळाली, आणि देवमाणूस म्हणावी अशी निघाली. तिनं सांगितलं, हा फोन आता इंटरनेटवरून चालणार, त्याला डब्यात नंबर आणि पासवर्ड भरावा लागतो, तो तुमच्याकडं कुणी भरलेलाच नाही. मग तिनं सांगायचं आणि मी करायचं. मोबाईलमध्ये डब्याचं पान उघडलं, कोडसकट नंबर टाकला, पासवर्ड टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. डबा बंद करून चालू करायला सांगितलं. एक एक दिवा लागत गेला आणि सगळ्यात शेवटी फोनच्या चित्राखालचा हिरवा दिवा लागला. मी फोनची वायर मागच्या भोकात खुपसली, रिसीव्हर कानाला लावला. टोन आला. मी रिसीव्हर मामांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, टोन न्यारा हाय. पण हाय.

मग मी अंगणात जाऊन मोबाईलवरून घरचा नंबर लावला. आत घंटी वाजली. मामांनी उचलला आणि रुबाबात म्हणाले, सेलू एक्सचेंज, बोला. मी तिथंच तुळशीपाशी उभी राहून रडले, कारण त्या दिवशी मला वाटलं होतं की मी त्यांचं काहीतरी वाचवलं.

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा फोन मेला. म्हणजे ही गोष्ट होती, जी तिघांपैकी एकानंही तोंडातून काढली नव्हती. नंबर तोच, पण लाईट गेली की फोन गेला. मी त्या दिवशी ठेकेदाराला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मी हात बांधून बसणारी नाही. वायरमन बोलावला आणि डब्यासाठी इन्व्हर्टरवरचं वेगळं बटन काढून घेतलं, दाराशेजारच्या बोर्डावर, म्हणजे बटन चालू आहे का ते येताजाता दिसेल. आता लाईट जावो नाहीतर राहो, डबा चालूच. मी बिनघोर झाले.

आमचा दिवस असा असायचा. मी दहाला शाळेत जाते, ह्यांचं कॉलेज सकाळचं, हे एकपर्यंत घरी येतात. मधले तीन तास मामा एकटे. साडेअकराच्या छोट्या सुट्टीत मी घरी फोन लावायचे. मामा सेलू एक्सचेंज म्हणायचे, मी विचारायचे, लाईन ठीक आहे का? ते म्हणायचे, लाईन ठीक हाय. बस, एवढंच. पण त्या घंटीसाठी ते खुर्ची घेऊन फोनपाशी बसून राहायचे, वहिनी सांगायच्या. त्यांना परत ड्युटी मिळाली होती.

महिनाभर बरं चाललं. मग काही दिवस फोन लागेना. सगळेच दिवस नाही, मधूनच एखादा. मी वहिनींना फोन करायचे, त्या डोकावून सांगायच्या, बसलेत बाई ओट्यावर. मी ठेकेदाराला फोन करायचे. त्याचा माणूस यायचा तोवर फोन चालू झालेला असायचा. तो म्हणायचा, मॅडम, तुमचा डबाच बंद असतो. मी म्हणायचे, इन्व्हर्टरवर आहे, बंद कसा असेल? तुमचीच लाईन पडते आणि तुम्ही आमच्यावर ढकलता, बेइमान आहात तुम्ही. तो मान खाली घालून निघून जायचा. हे मधल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेले असायचे. एकदाही मान वर केली नाही.

त्या दिवशी दिवाळी होऊन गेली होती आणि ऊन तरीही चटके देत होतं. साडेअकराला फोन लावला, लागला नाही. वहिनींना लावला, तर त्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला झरीला गेलेल्या. आता शहाण्या माणसानं काय करावं? रिक्षा करून घरी जावं. शाळेपासून घर दहा मिनिटांवर. मी काय केलं? मी ठेकेदाराला फोन लावला. सुट्टी संपेपर्यंत त्याच्याशी भांडले. तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून मुख्याध्यापकांना विचारून निघाले आणि थेट बाजारातल्या त्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं डोक्यात बसलेलं.

तो बिचारा कॉम्प्युटर माझ्याकडं वळवून दाखवत होता. म्हणाला, हे बघा मॅडम, लाईन चालू आहे, तुमचा डबा पावणेअकराला घरातून बंद झालाय, कुणीतरी बटन बंद केलंय. मी म्हटलं, घरात एक म्हातारा माणूस आहे, त्याच्यावर आळ घेता? लाज वाटत नाही? आजूबाजूच्या दुकानांतले चारजण जमले. मी तासभर तिथं होते. एक तास. हा हिशेब मी अजून रोज करते.

तेवढ्यात मोबाईल वाजला. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील होते, देवगाव फाट्यावरून बोलत होते. म्हणाले, "मॅडम, तुमचे सासरे हितं चहाच्या टपरीवर बसलेत. टपरीवाला दोन तास झाले तुमच्या घरचा नंबर लावायलाय, लागंना. मी वळखलं म्हणून तुमाला केला."

मी तिथंच खुर्चीवर बसले आणि ह्यांना फोन लावला. हे नुकतेच घरी पोचले होते. मी म्हटलं, मामा फाट्यावर आहेत, गाडी काढा, आणि फोन कसा बंद आहे तेवढं बघा. हे घाबरून भरभर बोलायला लागले आणि त्या घाबरण्यात खरं निसटलं. म्हणाले, "डबा मी आत्ताच चालू केला. बाबा बाहेर जाताना सगळी बटनं बंद करतात ना, त्यात तेही करतात. मी आलो की चालू करतो."

मी विचारलं, कधीपासून? पलीकडून गाडीच्या किल्ल्या वाजल्या आणि फोन बंद झाला.

ठेकेदार समोर बसलेला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी गेला महिनाभर करत होते, आणि ज्याला करत होते तोच आता माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवत होता. मी पाणी न पिताच उठले आणि रस्त्यावर ह्यांची वाट बघत उभी राहिले. माफी मागायला हवी होती, ती मी पुढं आठवड्यानं मागितली.

मामांची ती सवय सगळ्या घराला माहीत होती. उंबरा ओलांडायच्या आधी बोर्डावरची सगळी बटनं खाली, हा त्यांचा नेम. खाती-पिती घरं विजेनं जळालेली त्यांनी नोकरीत बघितली होती. एकदा फ्रीज बंद करून गेले होते तर चार लिटर दूध नासलं होतं आणि मी आरडाओरडा केला होता. आणि डब्याचं बटन मी कुठं काढून घेतलं, तर दाराशेजारी, त्यांच्या हाताच्या उंचीवर. ते बंद करताना त्यांच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं. फोनला लाईट लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? बाकी सगळं विसरले होते, पण हे विसरले नव्हते.

मोटारसायकलवर मी ह्यांच्या मागं बसले. जिनिंगपाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, वाट मिळेना. हे हॉर्न वाजवत होते. गाव मागं पडलं. मग विचारलं, मला का सांगितलं नाही?

हे पुढं बघतच म्हणाले, "तू ओरडली असतीस त्यांच्यावर."

ओरडले असतेच. ह्यांनी बापाला माझ्या तोंडापासून वाचवलं आणि त्या वाचवण्यात बापालाच रस्त्यावर बसवलं. ज्या माणसाशेजारी मी तेवीस वर्षं झोपले, तो रोज एक वाजता घरी येऊन गुपचूप ते बटन वर करत होता, आणि संध्याकाळी मी ठेकेदाराला शिव्या घालताना माझ्यासमोर बसून भाकरी खात होता. केसानं गळा कापतात म्हणजे काय, ते मला त्या मोटारसायकलवर समजलं. मला त्या वेळी त्या पाठीला हात लावायची इच्छा नव्हती, म्हणून मी मागचा लोखंडी कॅरिअर धरून बसले.

मामा टपरीच्या बाकड्यावर बसलेले होते. हातात पक्कड, रुमालात गुंडाळलेली. टमटममध्ये बसून आलेले, देवगावची लाईन खराब असल्याची तक्रार आलीय म्हणून. टपरीवाला चांगला माणूस. तो म्हणाला, बाबांनी आल्या आल्या नंबर सांगितला, कोडसकट, घरी कळवा म्हणाले की मी फाट्यावर आलोय. मी लावला तर लागंना. त्यांना सांगितलं लागत न्हाई, तर म्हणाले परत लावा, सून उचलती. पुन्हा लावला. दर थोड्या वेळानं म्हणायचे, लावा, सून उचलती. चहा दिला तर घेतला नाही. मघाशी एकदा रिंग गेली, बाबांच्या कानाला लावली, पर कुणी उचलंना. तवापासून लावा म्हणायचं सोडलं बघा त्यांनी, नुसते बसून राहिले.

धोतर ओलं झालेलं होतं. घंटी कधीही येईल म्हणून जागेवरून उठलेच नव्हते. ज्यांनी पस्तीस वर्षं या रस्त्यावर रुबाबात काढली, त्यांच्याकडं टपरीवरची माणसं बघायची टाळत होती.

मी समोर जाऊन खाली बसले. मामा, चला घरी, म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं. ओळखलं नसतं तर बरं झालं असतं.

"रिंग जायली व्हती, बाई," ते म्हणाले. "म्या ऐकली. तू उचलला न्हाईस."

माझ्या ओठावर सगळं आलं होतं. बटन, डबा, काच, उजेड, इन्व्हर्टर, तुमचा मुलगा. बाजूला ह्यांचा चेहरा पांढरा पडलेला, आता मी बोलणार म्हणून. पण सांगणार काय? तुमच्याच हातानं तुम्ही फोन मारलात, असं? त्यांना ते पटलंच नसतं. लाईन कधी मरत नाही, यावर त्या माणसाचा आयुष्यभराचा भरवसा. मग उरलं काय? उचलणारं माणूसच बेइमान निघालं, एवढंच उरलं. मी म्हटलं, चुकलं मामा, उचलायचा राहिला. मी पक्कड मागितली तर ती त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून ते बटन काढूनच टाकलं, डबा थेट जोडला. आता तो कोणाच्यानं बंद होत नाही. ह्यांच्याशी मी पंधरा दिवस कामापुरतं बोलले, मग संसार आहे, बोलायला लागले. पण हे एकला घरी आले की मी अजून मनात म्हणते, आता काय लपवलं असेल?

साडेअकराला मी अजून फोन लावते. घंटी जाते, मला इकडं स्वच्छ ऐकू येते. मामा उचलत नाहीत. वहिनी सांगतात, समोरच बसलेले असतात, फोनकडं बघत असतात, वाजून थांबेपर्यंत. मी पूर्ण वाजू देते, मग ठेवते. नंतर वहिनींना विचारते, बरे आहेत ना?

गेल्या महिन्यात परभणीला गेलो. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, मामा छताकडं बघत बसले. मग नेहमीसारखं विचारलं, बाबा, घरचा फोन नंबर काय? मी वाट बघत होते, आता ते ताठ बसतील म्हणून. बसलेही ताठ. तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आठवत नाही का बाबा?

"आठवतो की," मामा म्हणाले. "पण त्या नंबरावर कुणी उचलत न्हाई."